कार्बन-इपॉक्सीतला रेसिड्युअल स्ट्रेस: होल ड्रिलिंगचे आकडे जुळत नाहीत

प्रश्न (थर_आठ):
नमस्कार मंडळी. एम.टेक.चं प्रोजेक्ट आहे: प्लेट बनवताना तिच्यात अडकून राहिलेला ताण (रेसिड्युअल स्ट्रेस) मोजायचा. कार्बन-इपॉक्सीची (इपॉक्सी रेझिनमध्ये कार्बनचे धागे) ०/९० सिमेट्रिक प्लेट, म्हणजे उभे-आडवे थर मधल्या पातळीच्या दोन्ही बाजूंना सारखे, १८० अंशांना क्युअर केलेली (तापवून घट्ट केलेली). रोझेट (ताणानं होणारा बदल मोजणाऱ्या गेजांचा संच) चिकटवून भोक पाडलं, आकडे एएसटीएम ई८३७ या होल ड्रिलिंगच्या मानकाच्या सूत्रात टाकले. उत्तरं काहीच्या काही. शिवाय ड्रिल लावण्याआधीच रीडिंग सरकत राहतं. सरळ एक्स-रे करू का?

भट्टीवाला:
ई८३७ धातूंसाठी आहे रे, सगळ्या दिशांना सारख्या मालासाठी. तुझ्या थरात धाग्याच्या दिशेला १३० गिगापास्कल, आडवं जेमतेम ९. प्रत्येक थराचे सूत्रातले गुणांक एफईएमने (कॉम्प्युटरवर तुकड्यातुकड्यांनी ताण काढायची पद्धत) काढावे लागतील. एक्स-रेचं विसर, इपॉक्सीत स्फटिकच नाहीत. रीडिंग सरकतं कारण गेज स्वतःच तापतो आणि कंपोझिट ती उष्णता लवकर ओढून घेत नाही. ३५० ओहमचा गेज घे, व्होल्टेज कमी कर.

थर_आठ:
दादा, एफईएमला वेळ नाही. महिन्यात सबमिशन आहे.

भट्टीवाला:
मग मुद्दाम वाकडी पट्टी कर. त्याच प्रीप्रेगचे (रेझिन भरलेल्या धाग्यांचे पत्रे) चार थर लांबीला, वर चार आडवे, एकूण १ मिमी. तेच क्युअर. माझी ३०० मिमीची पट्टी साच्यातून निघाली तीच धनुष्य होऊन, मध्ये ४० मिमी उचललेली, आडवे थर आतल्या बाजूला. आता ती भट्टीत हळूहळू तापव, काचेतून फोटो काढ. ज्या तापमानाला सपाट होईल तिथे ताण शून्य. तिथून खोलीच्या तापमानापर्यंतचा फरक लॅमिनेट थिअरीत (थरांच्या प्लेटचे ताण काढायची सूत्रं) टाक. तुझ्या प्लेटच्या आडव्या दिशेला साधारण ३५-४० मेगापास्कल ओढ निघेल, आणि तो थर फाटतो ५०-६० ला! प्लेट सपाट दिसते ती दोन्ही बाजू सारख्याच ओढतात म्हणून.

एक मात्र सांभाळ. मी पट्टी जूनमध्ये कपाटावर ठेवली, गणपतीपर्यंत बाक कमी झालेला. इपॉक्सी दमट हवेत पाणी पिऊन फुगतं. महिनाभर मी थर्मोकपलला (भट्टीचं तापमान मोजणारा सेन्सर) शिव्या घालत होतो.

थर_आठ:
कडा कापायला हॅकसॉ चालेल?

भट्टीवाला:
नको, थर सुटतील. डायमंड व्हील, पाणी सोडून. मग ७० अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळव, आणि सिलिका जेलच्या डब्यात ठेव.