आफ्टर इफेक्ट्स: ‘कोकण’ लिहिताना शिरोरेषा आधीच उमटते

फ्रेमपंचवीस: इलस्ट्रेटरमध्ये केलेलं ‘कोकण’ हे ब्रशचं लेटरिंग आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने लिहिलं जातंय असं दाखवायचंय. कॉम्प (कॉम्पोझिशन, म्हणजे कामाची चौकट) १९२०×१०८०, सेकंदाला २५ फ्रेम. लेयरवर पेनने मास्क (लेयरवरच काढलेली रेघ) काढून तिच्यावरून ब्रश फिरवणारा स्ट्रोक इफेक्ट लावला, पेंट स्टाइल ‘रिव्हील ओरिजिनल इमेज’. ब्रश साइझ ५० च्या पुढे सरकत नाही आणि शिरोरेषा तर ७० पिक्सेल जाड. शिवाय ‘क’चा दांडा सुरू होताच वर शिरोरेषेचा तुकडा टपकन दिसतो.

मॅटवाला: ५० ही त्या इफेक्टची मर्यादाच आहे, तो सोडा. एकही लेयर सिलेक्ट नसताना पेनने रेघ काढा, म्हणजे मास्कऐवजी शेप लेयर तयार होतो. फिल बंद, स्ट्रोक ९०. ‘ॲड’मधून ट्रिम पाथ्स (रेघ किती दिसावी ते ठरवतं) घेऊन एंडला ० ते १०० की-फ्रेम (त्या त्या वेळेची किंमत) द्या आणि हा लेयर लेटरिंगला अल्फा मॅट म्हणून लावा, म्हणजे रेघ जिथे आहे तिथेच लेटरिंग दिसेल. रेघ उलटीकडून उमटली तर पाथच्या नावाशेजारी दिशा बदलायचं बटण आहे.

शिरोरेषेचं दुखणं मात्र याने जाणार नाही. मॅट हा नुसता पट्टा. त्याच्याखाली जे येईल ते उघडं पडतं. म्हणून इलस्ट्रेटरमध्येच अक्षर फोडा: दांडा, गाठ, शेपूट, काना, मात्रा, शिरोरेषा, सगळे वेगळ्या लेयरवर. फाइल कॉम्पोझिशन म्हणून इम्पोर्ट करा आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा मॅट द्या. कंटाळवाणं आहे, पण याला पळवाट नाही.

शाईदौत: तुकडे काटेकोर कापू नका, सांध्यावर केसाएवढी फट दिसते. २-३ पिक्सेल एकमेकांवर चढू द्या. रंग सपाट असेल तर कळत नाही. लिहून झालं की पुढच्या फ्रेमला तुकडे बंद करून अखंड लेटरिंग चालू करा.

शिरोरेषा शेवटी, ६-८ फ्रेममध्ये एका ओढीत. सगळ्यांना सरसकट ईझी ईझ (हळू सुरुवात, हळू शेवट) नको. गाठीतून शेपटीकडे हात न थांबता जातो, तो सांधा लिनिअर (एकसारख्या वेगाचा) ठेवा, नाहीतर पहिलीतलं पोर गिरवतंय असं वाटतं.

फ्रेमपंचवीस: फोडल्यावर जमलं. पण ‘ण’चं वळण रेघ पोचायच्या आधीच पुढून उघडतंय.

मॅटवाला: स्ट्रोकची लाइन कॅप (रेघेच्या टोकाचा आकार) राउंड असेल. ९० च्या स्ट्रोकला ती टोकापुढे ४५ पिक्सेल जाते. बट (सपाट टोक) करा आणि पाथ तुकड्याच्या कडेबाहेर थोडा वाढवा.

कोरडाब्रश: कडा खरबरीत हव्या असतील तर मॅटसाठी शेप लेयरऐवजी पेंट (ब्रशने लेयरवर रंगवणं) बरा. कॉम्पच्या मापाचा सॉलिड (एकाच रंगाचा लेयर) डबल-क्लिक करून लेयर पॅनलमध्ये उघडा. कॉम्प पॅनलमध्ये ब्रश चालतच नाही. ड्युरेशन ‘राइट ऑन’ आधीच निवडा, मग गिरवा. हाताचा वेग तसाच नोंदला जातो, नंतर एंडच्या की-फ्रेम सरकवता येतात. ‘पेंट ऑन ट्रान्सपरंट’ चालू करायला विसरलात तर अख्खा सॉलिडच मॅट होतो आणि अक्षर पहिल्या फ्रेमपासून पूर्ण दिसतं.