नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रासाठी ड्रोन घ्यायचा आहे: काय बघावं, काय टाळावं?

केंद्रप्रमुख_कोकण

नमस्कार मंडळी. कोकणातल्या एका नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रासाठी ड्रोन खरेदीचा प्रस्ताव तयार करतो आहे. हद्दीत काय काय येतं ते आधी सांगतो. जुन्या पेठेत अरुंद गल्ल्या आणि पत्र्याची-कौलांची घरं, नव्या वस्तीत १२ मजल्यांपर्यंतच्या इमारती, शेजारी एमआयडीसीत सॉल्व्हंट वापरणारे कारखाने, भंगार आणि पुठ्ठ्याची गोदामं, आणि पावसाळ्यात फुगणारी नदी. तीन पाळ्यांत मिळून १८ माणसं आहेत.

कोटेशन्स दोन प्रकारची आली आहेत. एक, होज जोडून वरच्या मजल्यावर पाणी मारणाऱ्या ड्रोनचं. दुसरं, थर्मल (उष्णता टिपणाऱ्या) कॅमेऱ्याच्या ड्रोनचं. पैसे एकाचेच आहेत. कोणता घ्यावा, थर्मलवर खरंच किती विसंबता येतं, परवान्यांचं काय आणि पुरात त्याचा उपयोग किती, हे जाणकारांनी सांगावं. निविदेत कोणत्या अटी घालाव्यात तेही सांगितलंत तर फार मदत होईल.

नोझलमन

साहेब, पाणी मारणाऱ्या ड्रोनचं कोटेशन बाजूला ठेवा. कारण आकड्यांत देतो, समितीपुढे मांडायला उपयोगी पडेल.

३८ मिमीची होज पाण्याने भरली की दर मीटरला सुमारे १.१ किलो नुसतं पाणी होतं. ४० मीटर उंचीवर ४५ किलो, होजचं वजन वेगळं. १२ मिमी नोझलला ७ बार दाब दिला तर मिनिटाला अंदाजे २५० लिटर पाणी जातं आणि मागे रेटणारा जोर १६ किलोच्या आसपास येतो. जमिनीवर फायरमन पाय रोवून तो पेलतो. हवेत ड्रोनला पुढे कलून मोटरींच्या ताकदीवर पेलावा लागतो. ब्रँच (होजच्या टोकाची नोझल) एकदम बंद झाली की तो जोर नाहीसा होतो आणि कललेला ड्रोन इमारतीच्या दिशेने झेपावतो. त्यात ४० मीटर चढण्यातच पंपाचे ४ बार जातात. बारीक नळी लावून वजन उतरवता येतं, पण मग आत पोहोचणारं पाणी खोलीभर पेटलेल्या आगीला पुरत नाही. १२ मजल्यांच्या इमारतींसाठी त्याच वेळात आणि पैशात तिथले वेट रायझर (कायम पाण्याने भरलेला उभा पाइप), डाउनकमर (गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा पाइप) आणि टेरेस पंप चालू स्थितीत आहेत का, ते तपासून घ्या. वरच्या मजल्यावरची आग विझते ती तिथल्या लँडिंग व्हॉल्व्हला (मजल्यावरच्या अग्निशमन नळाला) होज लावून.

बघणारा ड्रोन मात्र जरूर घ्या. पहिल्या बंबाबरोबर पोहोचलेला अधिकारी इमारतीची एक, फार तर दोन बाजू बघू शकतो. मागची गल्ली, छप्पर, शेजारच्या गोदामाला लागलेली धग हे कळायला चालत फेरी मारावी लागते, आणि पेठेत ती मारताही येत नाही. ड्रोन ४ मिनिटांत चारही बाजू आणि छप्पर दाखवतो. १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसच्या नोत्र-दामला आग लागली तेव्हा तिथल्या दलाने ड्रोनवरून छपरावरची आग कुठे सरकते आहे ते बघून नळ्यांचा मारा कुठे हवा ते ठरवलं. १४ जून २०१७ च्या लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत वरचे मजले बघायला शेजारच्या केंट दलाचा ड्रोन आणावा लागला होता. दोन्हीकडे ड्रोनने पाण्याचा एक थेंब टाकला नाही, तरी त्याचं काम मोलाचं होतं.

पथक तीन जणांचं ठेवा. एक पायलट, त्याने फक्त उडवायचं. एक निरीक्षक, त्याची नजर सतत आकाशाकडे: तारा, पक्षी, धुराची दिशा. तिसरा स्क्रीनवर बसून अधिकाऱ्याला वायरलेसवर सांगणारा, आणि हा आग ओळखणारा जुना माणूस असावा. पायलट तरुण चालेल. स्क्रीनपुढे मात्र ज्याने छपरं कोसळताना पाहिली आहेत असा लीडिंग फायरमन बसवा. पत्र्यांची ओळ मधेच खचलेली दिसली की आतली माणसं बाहेर काढायला सांगायचं, हे त्याला शिकवावं लागत नाही. आणि स्क्रीनभोवती गर्दी होऊ देऊ नका. नगरसेवक, पत्रकार, पोलीस सगळे तिथे जमतात आणि सांगायचं ते वायरलेसवर जातच नाही.

उष्णरेषा

थर्मलबद्दल सविस्तर लिहितो, कारण फसगत इथेच जास्त होते.

निविदेत ६४० × ५१२ पिक्सेलपेक्षा कमी सेन्सर घेऊ नका. 'थर्मल कॅमेरा' एवढंच लिहिलंत तर १६० × १२० चाही खपवतील. हिशेब असा: कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ६१ अंश दिसणाऱ्या लेन्सने ६० मीटरवरून एक पिक्सेल जमिनीवर सुमारे ९ सेंमीचा पडतो. पडून असलेला माणूस २० बाय ५ पिक्सेल दिसतो, म्हणजे ओळखता येतो. पाण्यातून वर आलेलं डोकं दोन-तीन पिक्सेलचं असतं, ते सहज निसटतं.

तापमानाचे दोन पल्ले असतात. हाय गेनमध्ये (जास्त संवेदनशील) साधारण १५० अंशांपर्यंत, लो गेनमध्ये (कमी संवेदनशील) ५०० ते ५५० पर्यंत. आगीवर हाय गेन ठेवला तर सगळंच पांढरं फटक दिसतं आणि त्यातला सर्वांत तापलेला भाग कोणता ते कळत नाही. माणूस शोधताना लो गेन ठेवला तर माणूस पार्श्वभूमीत विरून जातो. त्याहून घातक आहे ते आपोआप बदलणारं स्केल. चौकटीत ज्वाळेचा एक कोपरा जरी आला तरी कॅमेरा सगळं स्केल त्या ज्वाळेभोवती ताणतो आणि शेजारच्या गच्चीवर उभा असलेला माणूस काळा पडतो. सुटकेसाठी बघताना ज्वाळा चौकटीबाहेर ठेवा किंवा स्केल हाताने २० ते ५० अंशांवर बांधून टाका. रंगसंगती 'व्हाइट हॉट' (गरम ते पांढरं) ठेवा. इंद्रधनुषी रंग बातम्यांत छान दिसतात, कामात गोंधळ घालतात.

आता पत्रा. नवा चकचकीत गॅल्व्हनाइज्ड पत्रा स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि आकाश परावर्तित करतो. निरभ्र रात्री तो स्क्रीनवर शून्याखालीसुद्धा दिसेल, खाली गोदाम धुमसत असलं तरी. तिथे आकडा वाचत बसू नका, आकृती वाचा. गंजलेले डाग, रंग दिलेले पत्रे आणि उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या पट्ट्या खरं तापमान दाखवतात. कैचीच्या (छपराचा मुख्य सांगाडा) आणि पर्लिनच्या (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या) रेषा भोवतालपेक्षा उजळ दिसायला लागल्या की लोखंड तापतं आहे असं समजा. रिज व्हेंटिलेटरमधून (छपराच्या कण्यावरच्या झरोक्यातून) निघणारा गरम झोत कुठे सर्वांत दाट आहे ते बघितलं की आगीची जागा बऱ्यापैकी कळते.

काचेतून थर्मल आरपार बघत नाही. बंद खिडकीवर दिसतं ते काचेचं तापमान, किंवा समोरच्या आगीचं प्रतिबिंब. 'खोलीत कुणी नाही' असा निष्कर्ष ड्रोनवरून कधीही काढू नका. आतला शोध बी.ए. सेट (श्वसन उपकरण) लावलेल्या माणसांनीच घ्यायचा. पाण्याखालचंही काही दिसत नाही. दाट फवाऱ्याच्या आणि जोराच्या पावसाच्या पलीकडचं दिसतं ते पुसट.

पुठ्ठा, कापूस, भंगार यांच्या गोदामांत ड्रोनची सर्वाधिक कमाई आग विझल्यावर होते. कूलिंग चालू असताना वरचा थर थंड दिसतो आणि आत गाठी धुमसत राहतात. पाणी १० ते १५ मिनिटं पूर्ण थांबवा, मग स्कॅन करा. उष्णता तोवर पृष्ठभागावर येते. उजळलेल्या जागा नकाशावर खुणा करून जेसीबीला त्याच जागी उकरायला लावा. पुढचे काही तास अर्ध्या-अर्ध्या तासाने एक फेरी मारा. पहाटे पुन्हा बंब पाठवावा लागण्याचं बहुतेक वेळा कारण हा राहून गेलेला स्कॅन असतो.

रासायनिक कारखान्यात एक गोष्ट फार उपयोगी पडते: टाकीतल्या द्रवाची पातळी. द्रव असलेला भाग हळू तापतो, वरची रिकामी जागा लवकर, त्यामुळे टाकीवर सरळ आडवी रेषा उमटते. जवळ आग असेल तर कोणत्या टाकीत किती माल आहे आणि मॉनिटरचं (पाण्याच्या मोठ्या तोफेचं) पाणी आधी कशावर मारायचं ते त्यावरून ठरवता येतं. मात्र आपले नेहमीचे ड्रोन ज्वलनशील वाफेत वापरण्यासाठी सुरक्षित बनवलेले नसतात. गळती असेल आणि आग लागलेली नसेल, तर वाऱ्याच्या वरच्या अंगाने (वारा येतो त्या बाजूने), वाफेच्या ढगापासून लांब राहून झूमने बघा. ढगात ड्रोन नेणं म्हणजे ठिणगी पाठवणं.

हिरवा_पट्टा

परवान्यांचं थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू आहेत आणि त्यातून सूट आहे ती लष्कर, नौदल, हवाई दलाला. अग्निशमन दलाला नियम लागू होतात हे गृहीत धरूनच तयारी करा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) पोर्टलवर नोंदणी आणि प्रत्येक ड्रोनला विशिष्ट ओळख क्रमांक. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. मायक्रो बिगर-व्यावसायिक वापराला पायलट प्रमाणपत्र सक्तीचं नाही, तरीही प्रत्येक पाळीत किमान दोघांना मान्यताप्राप्त संस्थेतून प्रमाणपत्र काढून द्या. दहावी पास आणि १८ ते ६५ वय एवढी अट आहे, प्रमाणपत्र १० वर्षं चालतं. नॅनो सोडून बाकी सगळ्यांना तृतीय पक्ष विमा लागतो.

हवाई हद्दीच्या सरकारी नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, परवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किमीत ही मर्यादा २०० फूट होते. तुमची हद्द रत्नागिरी किंवा चिपीच्या विमानतळाच्या आसपास असेल तर आत्ताच तिथल्या हवाई वाहतूक नियंत्रणाशी बोलून आपत्काळात कुणाला फोन करायचा ते लेखी ठरवून घ्या. आग लागल्यावर पत्रव्यवहार होत नाही. नकाशा बदलत असतो, म्हणून रोज सकाळी पाळी बदलताना तो बघण्याची सवय लावा.

परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. निविदेत टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता), देशातच दुरुस्ती आणि सुटे भाग किती दिवसांत मिळतील याची अट घाला. नवी मुंबईच्या आयडियाफोर्जसारखे उत्पादक आपल्याकडेच आहेत.

आणखी एक. मोठ्या घटनेत हौशी लोकांचे ड्रोन येतात. ९ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स वणव्यात अशाच एका ड्रोनने पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला भोक पाडलं आणि विमान जमिनीवर ठेवावं लागलं. आपल्याकडे पोलीस अधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल पट्टा (ड्रोनबंदीचा भाग) जाहीर करू शकतो. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाच्या आराखड्यात हे वाक्य घालून घ्या, आणि त्या पट्ट्यात तुमचा स्वतःचा ड्रोन चालेल हेही त्याच आदेशात लिहून घ्या.

केंद्रप्रमुख_कोकण

सगळ्यांचे मनापासून आभार. पाण्याच्या ड्रोनचा विषय संपला. पुराचं कुणी सांगेल का? २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तशी वेळ आली तर भर पावसात ड्रोन उडेल का? आणि दोर पलीकडे नेता येतो म्हणतात, ते कसं?

दोर_आणि_गाठ

पावसासाठी आयपी ५५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन) पेक्षा कमी दर्जा घेऊ नका, आणि तो ड्रोन, बॅटरीचा कप्पा व कॅमेरा या तिन्हींना मिळून आहे ना ते कागदावर बघा. वाऱ्याची मर्यादा साधारण १२ मीटर प्रति सेकंद असते, कोकणातल्या मोठ्या पावसात झोत त्यावर जातात. सतत धरून उडण्यापेक्षा सरींच्या मधल्या उघडिपीत १०-१२ मिनिटांची उड्डाणं करा.

दोर नेण्याची पद्धत: ३ ते ४ मिमीची पॉलिप्रॉपिलीन दोरी घ्या, ती तरंगते. दोरी ड्रोनला गाठ मारून कधीही बांधायची नाही. रिलीज हुकवर लावायची, आणि हुक अडकला तर तुटेल असा सुतळीचा कमजोर दुवा मधे ठेवायचा. टोकाला अर्धा किलोची वाळूची पिशवी. दोरी रिळावरून सोडू नका, रीळ झटके देतं. बादलीत सैल भरून ठेवा म्हणजे आपसूक सुटते. मधला झोळ पाण्याला लागला की प्रवाह ड्रोनला ओढतो, म्हणून ३० मीटर वरून जा आणि पलीकडे पोहोचल्यावरच खाली या. पलीकडच्या माणसाने पातळ दोरीने ११ मिमीचा मुख्य दोर ओढून घ्यायचा. सुटका त्या मुख्य दोरावर होते, पातळ दोरीला माणसाने लटकायचं नाही हे लाउडस्पीकरवरून आधी ओरडून सांगा. नदीवरून जाणाऱ्या वीजतारा कॅमेऱ्यात दिसत नाहीत. पावसाळ्याआधी सगळ्या तारांच्या जागा नकाशावर टाकून ठेवा.

लोक शोधायला पहाटेची वेळ सर्वांत चांगली, कातळ आणि पत्रे तेव्हा निवलेले असतात. सूर्योदयानंतर आणि संध्याकाळी एक वेळ अशी येते की माणूस आणि जमीन जवळपास सारख्याच तापमानाची दिसतात. ६० मीटर उंची, ४ मीटर प्रति सेकंद वेग, शेजारच्या पट्ट्या एकमेकींवर ३० टक्के येतात असं धरलं तर २० मिनिटांच्या उड्डाणात वळणांत जाणारा वेळ वजा करून साधारण १५ हेक्टर होतात. मागणी आली की आधी शोधायच्या क्षेत्राला १५ ने भागा, म्हणजे किती बॅटऱ्या लागतील ते कळेल. गर्द झाडीखाली आणि पत्र्याखाली मात्र शोध चालत जाऊनच.

दरीत घ्यायची काळजी: सिग्नल तुटल्यावर ड्रोन ज्या उंचीवरून आपोआप परततो ती उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते. दरीच्या तळातून उडवून ती ८० मीटर ठेवली आणि मधला कडा १५० मीटरचा असला, तर सिग्नल तुटल्यावर ड्रोन सरळ कड्यावर आदळतो. म्हणून पायलटने शक्य तेवढ्या उंच सोंडेवर उभं राहावं, तिथून सिग्नलही तुटत नाही.

नोझलमन

बॅटऱ्यांचं राहिलं होतं. एका ड्रोनला किमान ६ घ्या. स्मार्ट बॅटऱ्या काही दिवस पूर्ण भरून पडल्या की स्वतःहून ६० टक्क्यांवर येतात, आणि आगीची वर्दी आली त्या दिवशी नेमक्या तशाच सापडतात. सगळ्याच १०० टक्के भरून ठेवल्या तर फुगतात. दोन नेहमी भरलेल्या, चार ६० टक्क्यांवर, आणि दर सोमवारी अदलाबदल. बॅटरीवर क्रमांक आणि चार्ज सायकलची नोंद रंगाने लिहा. आगीवरून परत आलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. उड्डाण ३० टक्क्यांवर संपवा, कारण धुराच्या झोतातून बाहेर पडताना मोटरी जास्त बॅटरी खातात. झोताच्या वर थेट जाऊच नका. तिथली हवा विरळ आणि उसळती असते, पंखे धरत नाहीत, आणि खाली गेलात तर पंख्यांचा वारा ठिणग्या उडवतो. पेटलेल्या छपरापासून आडवं ३० मीटर आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, एवढं पायलटच्या अंगवळणी पाडा.