बायकांना ५ किमीच का? आपल्या रनिंग क्लबनं नेमकं करायचं काय

जिंतूररोड_रनर
परभणीतल्या आमच्या क्लबच्या डिसेंबरच्या रनचं पत्रक काल ग्रुपवर आलं. पुरुषांना २१, १० आणि ५ किमी. महिलांना ५ आणि ३. खाली गुलाबी टीशर्टचा फोटो आणि नऊवारीत पळणाऱ्यांना खास बक्षीस. मी तीन वर्षं झाली रोज पळायले, रविवारी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं १६-१८ होतात, हाफ मॅरेथॉन (२१ किमी) हैदराबादला जाऊन पळून आले, आणि माझ्याच गावात मला ५ च्या वर नाव देता येत नाही. कमिटीत विचारलं तर म्हणे ताई, १० ला बायका येत नाहीत, आणि काही झालं तर जबाबदारी कोणाची.

हे 'काही झालं तर' फार जुनं आहे. १९२८ ला अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर पहिल्यांदा झाली, संपल्यावर काही जणी दमून आडव्या झाल्या (८०० नंतर कोण होत नाही?), पेपरवाल्यांनी बायका कोसळल्या म्हणून लिहिलं आणि ती शर्यतच बंद केली. परत आली थेट १९६० ला, रोमला. १९२८ ला जिंकणाऱ्या लीना राडकेनं त्याच पळण्यात जागतिक विक्रम केला होता, त्याचं कोणाला काही नाही. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला तर १९८४ उजाडलं. आणि ज्योती गवते आपल्या परभणीची, २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनला भारतीय महिलांत पहिली आलेली. तिच्या गावात बायकांना ५ ची मर्यादा, मला हे लई लागलं मनाला.

माझं म्हणणं, क्लबनं बायकांची वेगळी १० किमी भरवावी आणि हाफ सगळ्यांना खुली करावी. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

टाइमकीपर_काका
मी कमिटीत आहे म्हणून बोलतो, राग मानू नका. दोन वर्षांखाली १० ला महिला गट ठेवला होता. नावं दहा-बारा आली, बिब (छातीवर लावायचा नंबर) घेतले आठ जणींनी, सकाळी उभ्या राहिल्या चौघी. वसमत रोडची परवानगी साडेआठपर्यंतची, शेवटची ताई पावणेनऊला आली, तोवर ट्रक सोडलेले, मी स्वतः मोटरसायकल घेऊन तिच्या मागं मागं आलो, जीव टांगणीला लागला होता माझा. रस्त्यावर पाणी, अ‍ॅम्ब्युलन्स, पोरं उभी करावी लागतात, ते चौघींना लागतं तेवढंच चाळीस जणींना लागतं. बक्षीस सारखं ठेवा म्हणाल, तर मग चौघीत तीन बक्षिसं आणि तिकडं पुरुष दोनशेतून तिसरा येतो, तो मला विचारतो ना.

३ किमीला मात्र जागा पुरत नाही. अंगणवाडीच्या ताया, शिक्षिका, सासूसुना मिळून येतात. त्यांना १० सांगितलं तर घरीच बसतील.

गोदाकाठची
नांदेडहून लिहायले. काकांचं एकवेळ मान्य पण मूळ पोस्टचंही पटलं नाही. वेगळी शर्यत कशाला? रस्ता एक, अंतर एक, घड्याळ एक, निकाल फक्त वेगळा लावा. १९७२ च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनला बायकांनी पुरुषांच्या १० मिनिटं आधी निघायचं असा नियम होता. आलेल्या सहा जणी बंदूक वाजल्यावर स्टार्ट लाइनवर फलक घेऊन बसून राहिल्या, पुरुषांची बंदूक झाली तेव्हा उठून त्यांच्यासोबत पळाल्या. त्यांच्या टायमिंगमध्ये ती १० मिनिटं धरली तरी चाललं त्यांना. आणि आपण आज स्वतःहून वेगळं मागायचं? मी १० मिश्र गटात पळते, पुढं पोरं असतात म्हणून तर माझा पेस सुधारला. बायकांची वेगळी ठेवली की तिचं पुढं हळदीकुंकू होतं, पाहिलंय मी.

जिंतूररोड_रनर
ताई, तुम्ही सांगितलं ते खरं, पण त्याच वर्षी ती मॅरेथॉन भरवणाऱ्या न्यूयॉर्कच्या क्लबनं जूनमध्ये काय केलं तेही बघा. सेंट्रल पार्कात फक्त बायकांची शर्यत घेतली, ७८ जणी आल्या. प्रायोजक कोण तर बायकांच्या पायांचं शेव्हिंग जेल विकणारे, नावातलं 'मिनी' सुद्धा मिनीस्कर्टवरून. म्हणजे आपल्या गुलाबी टीशर्टच्याही वरचं. पण अंतर ६ मैल ठेवलं, पावणेदहा किमीच्या आसपास, ते कापलं नाही. ती शर्यत आजही १० किमीची म्हणून चालू आहे. मला टीशर्टचा रंग नकोय असं नाही हो, किलोमीटर कापू नका एवढंच.

काका, चौघी आल्या हे खरंय, त्यातली एक मीच. पण त्या १० साठी क्लबनं आधीचे चार महिने काय केलं? पुरुषांचा ग्रुप पावणेपाचला स्टेडियमवरून निघतो, लाँग रनचं प्लॅनिंग रात्री अकराला ठरतं, बाई कुठनं येणार त्यात?

भरती_ग्राउंड
मी गंगाखेडकडं पोरींची पोलीस भरतीची तयारी घेतो. महिलांना ८०० मीटर, २० मार्क, पुरुषांना १६००. माझ्याकडच्या पोरी उसाच्या फडावर जाणाऱ्या घरातल्या बी आहेत, पायात जोर असा की बघत राहावं. पण ८०० च्या पुढं पळायचं त्यांना कारणच नाही. भरती झाली तर ड्युटी, नाही झाली तर लग्न, दोन्हीकडनं पळणं बंद.

पण एक स्पष्ट सांगतो, ग्राउंडची तारीख लागली की मी एकाही पोरीला तुमच्या १० किमीला सोडणार नाही. पिंडऱ्या भरतात, नडगी दुखायला लागली की महिना जातो, आणि त्या महिन्यावर त्या घराची नोकरी अडकलेली असते. भरतीच्या आधी नको, नंतर ठेवा. दुसरं म्हणजे फी. सातशे-आठशे रुपये म्हणजे आमच्याकडं दोन-तीन दिवसांची मजुरी, पोरगी मेडलसाठी तेवढे देईल असं वाटतं का? फी माफ करा, चौघीच्या चाळीस होतील, मी स्वतः टमटम करून आणतो.

टाइमकीपर_काका
फी माफीला मी तयार आहे सर, प्रायोजकाला सांगता येईल. पण आठशे पळणारी पोरगी तयारी न करता १० ला उतरली आणि चक्कर येऊन पडली तर पेपरात क्लबचं नाव येणार, तुमचं नाही.

लातूरची_डॉक्टर
चक्कर येण्यावर बोलायचं तर नीट बोलू. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९-२१, देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्ताक्षय. माझ्या ओपीडीत हेच दिसतं, हिमोग्लोबिन ९ घेऊन दिवसभर रानात काम करणाऱ्या बाया. ही बाई १० पळाली तर दमेल, पण ३ पळाली तरी दमेल, आणि घागरी भरून आणताना पण दमतेच की, तेव्हा कोण विचारत नाही जबाबदारी कोणाची. अंतर कमी करणं हा उपचार नाही. शर्यतीच्या तीन महिने आधी क्लबनं हिमोग्लोबिन तपासणी ठेवावी, कमी निघेल तिला लोहाच्या गोळ्या, दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. लांब पळणाऱ्या बाईचा लोहाचा साठा हिमोग्लोबिन चांगलं दिसत असतानाही खाली गेलेला असू शकतो, तर रोज पळणाऱ्यांनी फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) पण बघून घ्या. जिंतूररोड ताई, तुम्ही पण.

सेलूची_सून
पहिल्यांदाच लिहायले इथं. सगळे ३ किमीला नावं ठेवायलेत म्हणून राहवलं नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, दोन लेकरं. नऊवारीत पळायचं आहे, सगळ्या बायकाच आहेत, असं सांगितलं म्हणून सासूबाईंनी सोडलं, टीशर्ट-ट्रॅकपँट म्हणलं असतं तर विषयच संपला असता घरात. त्या दिवशी मी शाळेनंतर पहिल्यांदा पळाले. अर्ध्यात पोटात कळ आली, चालले, परत पळाले. घरी आले तर सासूबाई विचारतात कितवी आलीस, म्हणजे त्यांना बी वाटलंच ना काहीतरी. तुमची २१ होऊ द्या खुशाल, पण आमची ३ काढू नका. तेवढंच दार आहे आम्हाला.

आणि खरं सांगू का, त्यानंतर क्लबकडनं एक फोन नाही की मेसेज नाही. पुढच्या वर्षीचं पत्रक आलं तेव्हाच आठवण. माझ्या पायात तेव्हा पळायचं आलं होतं, दोन महिने गच्चीवर फेऱ्या मारल्या मी, मग सुटलं.

जिंतूररोड_रनर
ताई, तुमचं वाचून मी दोनदा थांबले. ३ काढा असं माझ्या मनात नव्हतं, पण पोस्टमध्ये मी नऊवारीचं ज्या सुरात लिहिलं ते चुकलंच. ३ राहू द्या, साडी राहू द्या. पण तुम्ही गच्चीवर एकट्या फेऱ्या मारत होता तेव्हा आम्ही सगळे पळणारे तीस-चाळीस किलोमीटरवर होतो आणि एकालाही तुमचा नंबर माहीत नव्हता, क्लब कशाला काढलाय मग आपण. काका म्हणतात बायका येत नाहीत. अहो आली होती ना बाई, आपणच तिला वर्षभर सोडून दिलं.

तर वेगळ्या १० चा हट्ट मी सोडते, गोदाकाठच्या ताईंचं ऐकते, मिश्र असू द्या, निकाल वेगळा. पण आठवड्यातून तीन दिवस बायकांचा ग्रुप क्लबच्या नावानं चालला पाहिजे, शर्यत असो नसो. पश्चिम जर्मनीत १९७४ ला बायकांची पहिली आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन झाली ती बर्लिनला नाही, वाल्डनील नावाच्या छोट्या गावात, तिथल्या डॉक्टर एर्न्स्ट फान आकेन यांनी भरवली. ते कितीतरी वर्षं आधीपासून गावातल्या क्लबात बायकांना लांब पळवत होते, बाकी डॉक्टर नको म्हणत असताना. त्यांच्या गावाला जमलं ते जिल्ह्याच्या ठिकाणाला का जमू नये?

टाइमकीपर_काका
१० आणि हाफ महिलांना खुली करायचं मी येत्या बैठकीत मांडतो, त्याला वेगळा खर्च नाही. कटऑफ (रस्ता मोकळा करायची वेळ) वाढवून मिळतो का बघतो, ते पोलिसांच्या हातात आहे. ग्रुपला क्लबचं नाव लावायलाही हरकत नाही. बक्षिसाचं माझं मत तेच आहे, संख्येच्या प्रमाणात असावं.

गोदाकाठची
बक्षीस सारखंच पाहिजे काका. ती पण २१ च पळणार आहे, साडेदहा नाही. बाकी तुम्ही मांडताय त्याबद्दल आभार, पण यावर मी परत परत लिहिणार.

भरती_ग्राउंड
ग्रुप होणार असंल तर माझ्या दोन जुन्या पोरी परभणीत राहतात, एक पोलिसातच आहे. पेसर (ठरल्या वेगानं सोबत पळणाऱ्या) म्हणून विचारतो त्यांना.

जिंतूररोड_रनर
विचारा सर. रविवारी सव्वापाच, विद्यापीठाच्या गेटजवळ, मी उभी राहते. ज्यांना चालायचंय त्या चालतील.

सेलूची_सून
सध्या मी माहेरी आहे परभणीतच, महिनाभर. येईन म्हणते. पण काळी कमानीपासून पुढं अंधारात कुत्री मागं लागतात, त्या बाजूनं कोणी येणारी असेल तर सोबत घ्या मला.