रेंच ताण मोजत नाही
"टॉर्क रेंचनेच आवळतोय, मग आट्यांना ऑइल लावलं तर बिघडलं काय?" असं एकाने विचारलंय. अहो, रेंच नुसता पिळायचा जोर (टॉर्क) दाखवतो. त्यातला साधारण ९० टक्के बोल्टच्या डोक्याखाली आणि आट्यांत घर्षणातच जिरतो; उरलेल्यानेच बोल्ट ताणला जातो. वंगणाने घर्षण घटलं की तेवढ्याच टॉर्कला ताण वाढतो.

८.८ ग्रेडचा (मजबुतीचा दर्जा) एम१२, म्हणजे १२ मिमी जाडीचा बोल्ट घ्या, टॉर्क ८० न्यूटन-मीटर. कोरडा असेल (टॉर्क आणि ताण जोडणारा गुणांक 'के' ०.२०; घर्षण त्यातच धरलेलं असतं) तर ताण ३३ किलोन्यूटन. ऑइल लावलं (०.१५) की ४४. मॉली ग्रीस (मॉलिब्डेनमवालं वंगण) फासलं (०.१२) तर ५६, आणि प्रूफ लोड, म्हणजे बोल्ट कायमचा न ताणला जाता पेलतो तो भार, आहे जेमतेम ५०! तुटला की दोष बोल्टला.

मॅन्युअलमधला आकडा कोरड्याचा की ऑइलचा, ते आधी बघा. स्टेनलेसला मात्र वंगण लावाच, नाहीतर आटे जाम होतात; फक्त टॉर्क त्या हिशेबाने कमी करा.