चाळिशी-पन्नाशीत स्कायडायव्हिंग : तुमचे अनुभव लिहा

निळावंती
कपाट आवरायला घेतलं आणि जुनं लॉगबुक हाती आलं. आवरणं राहिलं बाजूला, तिथेच फतकल मारून वाचत बसले. सत्तेचाळिसाव्या वर्षी स्कायडायव्हिंग शिकायला गेले होते तेव्हाचं. उंची, पॅराशूट, लँडिंग आणि पुढे प्रशिक्षकाचा शेरा. एका पानावर उडीच नाही, फक्त शेरा आहे : "वारा वाढला. विमानातूनच परत. शांत होती." त्यांनी तो मुद्दाम लिहून दिला होता आणि माझा सगळ्यात लाडका शेरा तोच.

सोबतची पोरं अशा वेळी जाम वैतागायची. नवशिक्यांना वाऱ्याची मर्यादा कडक असते. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या, म्हणजे युएसपीएच्या, नियमात ती ताशी १४ मैल आहे, म्हणजे जेमतेम २२ किलोमीटर. त्यामुळे अर्धं शिक्षण म्हणजे झेंड्याकडे बघत ताटकळणं. आपल्या वयाला ते जमतं. बँकेत, दवाखान्यात, मुलांच्या क्लासबाहेर उमेदवारी झालेली असते.

आधी टँडम केली, म्हणजे प्रशिक्षकाच्या पुढ्यात बांधून घेऊन उडी, मग एएफएफ, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक प्रशिक्षक धरून उडी. त्याआधी जमिनीवर हार्नेसला लटकवून एकच घोकंपट्टी : लाल बघ, लाल पकड, रुपेरी बघ, लाल ओढ, रुपेरी ओढ. लाल हँडलने बिघडलेलं मुख्य पॅराशूट सुटतं, रुपेरीने राखीव उघडतं. झोपेतसुद्धा हात छातीकडे जायचे.

ज्यांनी केलंय, करायचंय, अर्ध्यावर सोडलंय, सगळ्यांनी लिहा. "भीती वाटली का" याच्या पलीकडचं लिहिलंत तर फार बरं.

अस्वस्थ कावळा
पोटात गोळा येत नाही!!! हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं. मी पाळण्यात बसल्यासारखा दात आवळून तयार. पण विमान आधीच पुढे वेगात असतं, त्यामुळे दारातून सुटल्या सुटल्या वारा अंगाला भिडतो. मग ताशी १९०-२०० किलोमीटरला वेग स्थिर होतो आणि पडतोय असं वाटतच नाही. आवाज मात्र अगागा. बाकी नंतर लिहितो, लेकीला आणायचंय.

बंड्या
थोरले बुश ९० व्या वाढदिवशी टँडम उडी मारून आले, २०१४ साली. मला पलंगावरून उतरताना कंबर धरावी लागते. दंडवत सगळ्यांना.

चकोर
चाळिशीचा खरा प्रॉब्लेम कुणीच बोलत नाही : जवळचं दिसत नाही! मनगटावरचा उंची दाखवणारा अल्टिमीटर म्हणजे तुमचं आयुष्य आणि तोच धूसर. मी जमिनीवरच गॉगल चढवून, हात उडीतल्यासारखा पुढे धरून पाहिलं, तेव्हा कळलं. मोठ्या तबकडीचा, काट्याचा मागून घेतला. काट्याचा कोन दिसला तरी पुरतो, आकडे वाचावे लागत नाहीत. शिवाय हेल्मेटमध्ये ठरावीक उंचीला बीप करणारा. पण तो मदतनीस, डोळे आपलेच.

गच्चीवरची
माझी टँडमच झाली फक्त. तीही पहिल्या तारखेला नाही. सर्दी होती, प्रशिक्षक म्हणाले आज नाही. मला वाटलं एवढ्याशा सर्दीचं काय. मग त्यांनी समजावलं, चोंदलेल्या नाकाने एवढ्या झपाट्याने खाली आलं की कानातला दाब सुटत नाही, पडद्याला इजा होऊ शकते. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारा, फॉर्म भरताना नाही. 🙏

तूर्तास
आणि विम्याची पॉलिसी काढून अपवादांची यादी वाचा. आमच्याकडे उडीपेक्षा त्या यादीवरून जास्त चर्चा झाली. बायको अजून अधूनमधून वाचून दाखवते.

रेवाकाठची
शीतल महाजनांनी २००४ साली आयुष्यातली पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली. तुम्ही काय झेंड्याकडे बघत बसता 😄

निळावंती
रेवा, त्यांना २०११ ला पद्मश्री मिळाली ती उगाच नाही. आपण झेंड्याकडेच बघू.

जुना खोंड
बरीच वर्षं यात आहे म्हणून थोडं रटाळ लिहितो. "पॅराशूट उघडलंच नाही तर" हा प्रश्न सगळे विचारतात. त्यासाठी राखीव असतं, ते परवानाधारक रिगर घडी करतो. एएडी नावाचं छोटं यंत्रही असतं. त्यातलं सायप्रेस १९९१ मध्ये आलं. नेहमीच्या प्रकारात, साधारण २२५ मीटरवरही तुम्ही सेकंदाला ३५ मीटरच्या वेगाने पडत असाल तर ते स्वतःच राखीव उघडतं. त्याच्या भरवशावर मात्र राहायचं नाही. उघडणं तुमचंच काम.

पण पुष्कळ जीवघेणे अपघात व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटखाली होतात. जमिनीजवळ घाईने वळण घेतलं की कॅनोपी, म्हणजे उघडलेली छत्री, झपकन उंची गमावते. म्हणून मोठी, संथ कॅनोपी. मित्रांनी लहान घेतली म्हणून आपण घ्यायची नाही. गुडघेही मोठ्या कॅनोपीला दुवा देतात. जागा चुकत असेल तर चालत या. शेवटच्या क्षणी वळून ऐटीत उतरण्यापेक्षा शेतातून दोन्ही पाय शाबूत घेऊन आलेला मला आवडतो.

अस्वस्थ कावळा
आलो परत. खोंडसाहेब +१. मला लँडिंगचीच धास्ती जास्त होती. पॅराशूटचे ब्रेक लवकर ओढले तर वरून आदळतो, उशिरा ओढले तर धावत सुटतो. शेवटी प्रशिक्षक म्हणाले, पायाखाली बघू नको, लांब क्षितिजाकडे बघ. तेव्हा जमलं. पाय जुळवून गुडघे किंचित वाकवणं आणि गरज पडली तर लोळणं, हेही घोटून घेतलं होतं.

रेवाकाठची
मधे मोठा खंड पडला तर काय? माझं बाळंतपण, नोकरी, सासूबाईंचं आजारपण असं होत राहिलं.

जुना खोंड
पुन्हा उजळणी, लाज नको. युएसपीएकडे शिकाऊ माणसाने ३० दिवसांत उडी मारली नसेल तर पुन्हा प्रशिक्षकाबरोबर. विंड टनेलमध्ये, म्हणजे खालून येणाऱ्या वाऱ्यावर तरंगायच्या नळीत, थोडा वेळ घालवलात तर पडतानाची शरीराची कमान पटकन आठवते.

बंड्या
माझ्या शरीराची कमान कायमचीच आहे, उलट्या बाजूला.

गच्चीवरची
हहपुवा.

तूर्तास
गुगलमधले अधिकारी ॲलन युस्टेस ५७ वर्षांचे असताना पॅराशूट घेऊन ४१ किलोमीटरवरून खाली आले, २०१४ सालीच. बायकोला ही बातमी दाखवली. ती म्हणाली, त्यांची पॉलिसी मागव.

मोरपीस
विषयांतर होतंय पण केसांचं काय करता? माझे कंबरेपर्यंत आहेत.

निळावंती
घट्ट वेणी आणि ती कॉलरच्या आत. हेल्मेटबाहेर एक बटसुद्धा नको. नुसता पोनीटेल अजिबात नाही, गुंता तर होतोच, वर हँडलपाशी केस येणं चालतच नाही.

चकोर
आणि चष्मा असेल तर त्यावर बसणारा गॉगल मिळतो, आधीच सांगून ठेवा.

मोरपीस
बरं. वेणी कुणाकडून घालून घ्यायची हाच प्रश्न आता, नवऱ्याला तीन पेडांचीही येत नाही.