मदत हवी आहे : प्रवाळ-टाकीखालचा सम्प आणि कपाट

नमस्कार. घरी 120 × 60 × 60 सेंटिमीटरची खाऱ्या पाण्याची प्रवाळ-टाकी उभारत असून, तिच्या खालच्या कपाटात सम्प (टाकीतले पाणी शुद्धीकरणासाठी खाली जिथे येते ती दुसरी छोटी टाकी), प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारे उपकरण) आणि रिटर्न पंप (सम्पमधले पाणी परत वर पाठवणारा) बसवला आहे. चाचणीत पंप बंद करताच रिटर्न नळीतून पाणी उलटे ओढले गेले, टाकीची पातळी 5 सेंटिमीटरने उतरली, म्हणजे सुमारे 36 लिटर पाणी खाली येऊन सम्प सांडला आणि सुताराने ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दिलेल्या प्लायची कड फुगून पापुद्रे सुटले. हवा शिरून उलटा ओढ तुटावा म्हणून नळीला पाण्याच्या पातळीलगत छिद्र पाडणे पुरेसे आहे, की सम्पच मोठा घ्यावा? नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी उलटे जाऊ न देणाऱ्या झडपेवर) माझा विश्वास नाही. क्षार साचले की तो अडकतो. शिवाय भरलेली टाकी अर्ध्या टनाच्या आसपास जाणार असल्याने, पावडर कोटिंग केलेली लोखंडी चौकट खाऱ्या दमटपणात टिकते का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.