वरिष्ठांची चूक दिसली, तर ती कोणत्या शब्दांत सांगावी?

रात्रपाळी:
मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. गेल्या आठवड्यात राउंडच्या वेळी वरिष्ठ डॉक्टरांनी पोटॅशियमचा तोंडी सांगितलेला डोस रुग्णाच्या ताज्या रक्ततपासणीशी जुळत नव्हता. "सर, सकाळचा रिपोर्ट आला आहे," एवढेच मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. निवासी डॉक्टरांनी नंतर डोस रद्द करून घेतला म्हणून निभावले. आपण अशा वेळी नेमके काय बोलता?

भूलतज्ज्ञ:
आपण सूचक बोललात आणि सरांना ती केवळ माहिती वाटली. "पोटॅशियम आधीच 5.9 आहे, हा डोस दिल्यास हृदयाची लय बिघडेल अशी मला भीती वाटते, तो थांबवू का?" असे थेट विचारले असते, तर उत्तर देणे त्यांना भाग पडले असते. परिस्थिती, पार्श्वभूमी, आपले आकलन आणि आपली मागणी या क्रमाने बोलण्याची 'एसबार' पद्धत यासाठीच आहे. इंग्लंडमध्ये 2005 साली सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल देताना एका महिलेचा श्वसनमार्ग बंद झाला. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याच्या प्रयत्नांतच गुंतून राहिले; एका परिचारिकेने गळ्याला छेद देण्याचे साहित्य आणून ठेवल्याचे सांगितले, तरी त्या सांगण्याचा उपयोग झाला नाही आणि ती महिला पुढे दगावली. सूचक बोलणे किती महाग पडते, हे मी तेव्हापासून विसरलेलो नाही.

जुनी सिस्टर:
पद्धत चांगली आहे, पण तिने सारा भार पुन्हा कनिष्ठांवरच पडतो. 1966 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अनोळखी 'डॉक्टर'ने फोनवरून कमाल मर्यादेच्या दुप्पट डोस द्यायला सांगितला आणि 22 पैकी 21 परिचारिका तो द्यायला निघाल्या, जरी कमाल मात्रा औषधाच्या डबीवरच लिहिलेली होती. त्या सगळ्याच भित्र्या होत्या असे मी मानत नाही. प्रश्न विचारल्यावर काय ऐकावे लागते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असावे. एकदा सर्वांदेखत "तुम्ही डॉक्टर आहात का?" असे ऐकले, की पुढची दहा वर्षे तोंड उघडत नाही.

शल्यचिकित्सक:
हे वाक्य मीही पूर्वी वापरले आहे, म्हणून लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची तपासणी यादी आणली, तिच्यात छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व भूमिका सांगायची असते. मला तो पोरखेळ वाटला होता. आठ शहरांतील रुग्णालयांच्या अभ्यासात मात्र यादी आल्यानंतर मृत्यूचे प्रमाण 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर आले. हे सारे श्रेय नाव सांगण्याचे नव्हे, पण जो सुरुवातीला एकदा बोलला, त्याला पुढे हटकणे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. नुसत्या खुणा करून कागद भरला, तर यातले काहीच घडत नाही. आता छेद घेण्यापूर्वी मी "काही खटकते आहे का?" असे विचारतो आणि सर्वांत कनिष्ठ व्यक्तीला आधी बोलू देतो, कारण माझे मत आधी कळले तर तिचे मत बदलते.

रात्रपाळी:
तोंडी सूचना आल्यास ती मोठ्याने परत वाचून दाखवायची आणि त्याच दमात ताजा आकडा सांगायचा, एवढे उद्यापासून सुरू करते. "काही खटकते का" हा प्रश्न राउंडमध्येही विचारावा, असे आमच्या विभागप्रमुखांना सुचवायचे आहे. ते कोणी सुचवावे, यावर मात्र आम्हा परिचारिकांचे अजून एकमत होत नाही.